खोट्या बंदुकांचे खरे हिशेब

२०१० च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांची वार्षिक परिषद भरली होती. तिथे जेमी ग्रीझमर यांनी एक व्याख्यान दिलं. ‘हेलो’ या गेममधल्या बंदुका घडवणाऱ्यांपैकी ते एक. व्याख्यानाचा विषय एवढाच, की ‘हेलो ३’मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंदावर का नेला. हे दोन्ही आकडे शीर्षकातच होते. सेकंदाच्या पाचव्या हिश्शावर अख्खं व्याख्यान! बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. त्या रायफलीने मरून मरून वैतागलेल्या खेळाडूला वाटणार नाही.

दुखणं असं होतं. स्नायपर रायफलीचं काम दुरून नेम धरून एका गोळीत समोरच्याला आडवं करणं. तेच काढून घेतलं तर ती बंदूक उरतच नाही. पण शत्रू अगदी अंगावर आल्यावरही घाईघाईने दोन-तीन गोळ्या झाडून तीच जिंकत असेल, तर बाकीच्या बंदुका उचलायच्या कशाला? गोळीचा मार कमी करावा, तर दुरून वाटणारी दहशत जाते. गोळ्याच कमी द्याव्यात, तर चांगला नेमबाजही रिकाम्या हाताने फिरतो. दोन गोळ्यांमधला वेळ जरा वाढवला, तर दुरून शांतपणे मारणाऱ्याला काहीच जाणवत नाही. जवळच्या झटापटीत ज्याची पहिली गोळी चुकली, त्याला मात्र ते ०.२ सेकंद फार महागात पडतात. शिक्षा नेमकी ज्याला व्हायला हवी त्यालाच होते.

या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न कुठेच येत नाही: इसवी सन २५५२ मधली स्नायपर रायफल खरोखर असेल तरी कशी? ‘हेलो’च्या कथेत माणसं ताऱ्यांपर्यंत पोचली आहेत, परग्रहवासीयांशी लढत आहेत, आणि त्यांच्या या रायफलीत काडतूस आहे १४.५ मिलिमीटरचं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैनिक जर्मन रणगाड्यांवर झाडत होते तेच. सहाशे वर्षांत काडतूस बदललं नाही, आणि कोट्यवधी खेळाडूंपैकी फारच थोड्यांचं तिकडे लक्ष गेलं असेल. ज्यांचं गेलं त्यांनाही ते खटकलं नसावं.

खेळाडूला काय खटकतं आणि काय खटकत नाही, हाच या पुस्तकाचा विषय आहे. विज्ञानकथेवर आधारलेल्या शूटर गेममधल्या बंदुका, त्यांचा एकमेकींशी साधलेला तोल, आणि त्यांच्या खरेपणाबद्दल चालणारे न संपणारे वाद. हे वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतात असं माझं मत आहे. एका बाजूला ‘गेम आहे, मजा महत्त्वाची’ म्हणणारे असतात. दुसरीकडे ‘पण असं होऊच शकत नाही’ म्हणणारे. तोल आणि खरेपणा जणू तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं दोघंही धरून चालतात. मला वाटतं, या दोघांचं भांडण नाहीच. प्रत्येक ताकदवान शस्त्राला काहीतरी किंमत लावावी लागते. ती किती लावायची हे तोल ठरवतो. आणि हीच किंमत का, याचं कारण खेळाडूला खरेपणा पुरवतो. कारण पटलं की खेळाडू वाटेल ती किंमत मोजतो. कारण नसलं किंवा तोंडदेखलं असलं, की त्याला आपली लूट झाल्यासारखं वाटतं.

आधी तोलाचा हिशेब पाहू, कारण तो आकड्यांत मांडता येतो. ‘क्वेक ३ अरीना’ हा १९९९ चा गेम त्यासाठी सोयीचा. त्याचा मूळ कोड २००५ साली सगळ्यांसाठी खुला झाला, त्यामुळे कोणत्या बंदुकीचा मार किती यावर वाद घालायला जागा नाही. साधी मशीनगन सेकंदाला ७० गुणांचं नुकसान करते. रॉकेट लाँचर १२५, लाइटनिंग गन १६०, प्लाझ्मा गन २००. आणि रेलगन? एका फटक्याला १०० खरं, पण दीड सेकंदातून एकदाच, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६७. बीएफजी नावाची महाकाय बंदूक बाजूला ठेवली तर कागदावर प्लाझ्मा गन सगळ्यांत भारी आणि रेलगन सगळ्यांत दुबळी. प्रत्यक्षात सामना पाहा. उघड्या मैदानात रेलगनवाल्याच्या नजरेसमोरून जायला भलेभले कचरतात, आणि प्लाझ्मा गन ही हाती दुसरं काही बरं नसताना वापरायची चीज मानली जाते.

या उलटापालटीचं कारण प्रवासात आहे. रेलगनचा फटका चाप ओढताक्षणी लागतो. प्लाझ्माच्या गोळ्याला अंतर कापावं लागतं, आणि तोवर समोरचा तिथून सटकलेला असतो. लाइटनिंग गनची वीज तात्काळ पोचते, पण ठरावीक अंतरापलीकडे जातच नाही, आणि शत्रूवर सतत नेम धरून ठेवावा लागतो. रॉकेट संथ, पण थेट लागलं नाही तरी शेजारी फुटून इजा करतं, म्हणून ते माणसावर मारायचं नसतंच. तो पाय कुठे ठेवणार आहे त्या जमिनीवर मारायचं असतं. पाच बंदुकांचे पाच वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि कुठला प्रश्न कधी विचारायचा यात खेळाडूचं कसब. पंचवीस वर्षं उलटून गेली तरी हा हिशेब अभ्यासला जातो तो यासाठी.

आता यातला खरेपणा तपासू. ‘क्वेक’मध्ये लांबी मोजण्याचं एकक गेमचं स्वतःचं आहे. खेळाडूची उंची अशी ५६ एककं. तो साधारण १.८ मीटरचा धरला, तर रॉकेटचा वेग येतो सेकंदाला २९ मीटर, म्हणजे ताशी १०४ किलोमीटर. जसप्रीत बुमराहचा चेंडू याहून बराच वेगाने येतो. हे रॉकेट म्हणजे फिरकीपटूने जरा जोरात टाकलेला चेंडू. खऱ्या आरपीजी-७ चं रॉकेट नळीतून सुटतानाच सेकंदाला शंभर मीटरच्या वर असतं आणि पुढे त्याच्या दुपटीहून अधिक वेग घेतं. उलट ‘क्वेक’चा खेळाडू पळतो ताशी ३७ किलोमीटरने. उसेन बोल्टने २००९ मध्ये ९.५८ सेकंदांत शंभर मीटर कापले तेव्हा त्याचा सरासरी वेग जवळपास एवढाच होता. हा गडी मात्र पाठीवर सात-आठ बंदुका घेऊन, न दमता, मागे तोंड करूनसुद्धा तेवढ्याच वेगाने धावतो.

भौतिकशास्त्राच्या पेपरात याला शून्य गुण. पण या दोन थापा एकमेकींसाठी घडवलेल्या आहेत. रॉकेट एवढं संथ आणि माणूस एवढा चपळ, म्हणूनच रॉकेट चुकवता येतं, आणि चुकवता येतं म्हणूनच चुकवणाऱ्याच्या पुढच्या पावलाचा अंदाज बांधण्यात काही अर्थ उरतो. रॉकेटला खरा वेग दिला असता तर ते दुसरी रेलगन झालं असतं.

गंमत म्हणजे जी बंदूक सर्वांत अवास्तव समजली जाते तीच इथे वास्तवाच्या सर्वांत जवळ आहे. चाप ओढला की लगेच गोळी लागते, मध्ये वेळच जात नाही, ही सोय आळशी प्रोग्रॅमरने शोधली असं अनेकांना वाटतं. पण हिशेब करा. रायफलीची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास जाते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटत असतील, तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत गोळी १५ मीटर पार करून गेलेली असते. गेममधल्या बहुतेक खोल्या त्याहून लहान असतात. म्हणजे गोळी दाखवली असती तरी दिसली नसती.

खऱ्या विज्ञानाशी जास्त ओळख झाली की माणूस गेमवर नाराज होतो, असा समज आहे. माझं उलट झालं. मला राग यायला लागला तो गेम बनवणाऱ्यांनी हातचं सोडून दिलं याचा. लेझरचंच घ्या. गेममध्ये लेझर म्हणजे बहुधा हवेतून सूं करत जाणारी चमकती काडी, आणि ती सुटली की बंदूक मागे धक्का देते. खरा लेझर पोचतो प्रकाशाच्या वेगाने. त्याची चमकती काडी मध्येच कुठे दिसायचा प्रश्न येत नाही. धक्क्याचं म्हणाल, तर ३० किलोवॉटच्या लेझरचा मागे बसणारा रेटा भरतो तळहातावर ठेवलेल्या दहा मिलिग्रॅमच्या वजनाइतका. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये ‘पॉन्स’ या जहाजावर बसवलेला लेझर आणि भारताच्या डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कुर्नूलला ज्याची चाचणी घेतली तो लेझर, दोन्ही ३० किलोवॉटच्याच वर्गातले.

पण या लेझरलाही किंमत आहेच, आणि ती गोळीच्या किमतीहून वेगळी आहे. तो भोसकत नाही, तापवतो. एकाच ठिपक्यावर काही क्षण टिकून राहावं लागतं. धूर, धूळ, बाष्प आडवं आलं की जोर कमी होतो. आणि जेवढी ऊर्जा समोर जाते त्याहून अधिक उष्णता यंत्रातच साठते. ती कुठेतरी टाकावी लागते. गेम घडवणाऱ्याने आणखी काय मागायचं? नेम धरून ठेवण्याचं कसब हवं, आडोशाला धुराचा पडदा उभा करता यावा, सतत वापरलं तर शस्त्र तापावं: तोलासाठी लागणाऱ्या तीन किमती निसर्गाने फुकट दिल्या आहेत. ‘क्वेक’ची लाइटनिंग गन नावाने वीज असली तरी वागते खऱ्या लेझरसारखी, हे लक्षात आलं तेव्हा मला मौज वाटली होती.

अंतराळातल्या बंदुकांबद्दल तर गैरसमजांचा सुकाळ आहे. हवा नाही तर बंदूक उडणार कशी, असं आजही विचारलं जातं. उडते, काडतुसातल्या दारूत जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन देणारे घटक मिसळलेलेच असतात. सोव्हिएत संघाने ‘सॅल्यूत ३’ या अंतराळस्थानकावर चक्क विमानावरच्या तोफेची सुधारित आवृत्ती बसवली होती, आणि जानेवारी १९७५ मध्ये, आत माणसं नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन ती डागलीही. तोफ पक्की बसवलेली, त्यामुळे नेम धरायचा तर संपूर्ण स्थानकच वळवावं लागे. या एका तपशिलातून किती गेम निघाले असते!

धक्क्याचा हिशेबही करून पाहावा. चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरने सुटली, आणि पोशाखासकट अंतराळवीराचं वजन २०० किलो धरलं, तर एका गोळीमागे तो सेकंदाला जेमतेम दोन सेंटिमीटरने मागे सरकेल. काहीच नाही. पण तीस गोळ्यांचं मॅगझिन रिकामं केलं तर सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने तो उलट दिशेला तरंगत जाईल, आणि बंदूक खांद्याशी असल्याने स्वतःभोवती गिरक्याही घेईल. थांबायला काही धरायला नाही. चापावरचं बोट आवरण्यासाठी याहून पटणारं कारण कुठल्या डिझायनरला सुचेल?

हे कुणालाच सुचलं नाही असं नाही. संगणकांचा वेग मोजणारी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या फिनलंडच्या फ्युचरमार्क कंपनीने २००९ मध्ये ‘शॅटर्ड होरायझन’ नावाचा गेम काढला. चंद्रावर खाणकामात प्रचंड स्फोट झालेला, त्याचे तुकडे पृथ्वीभोवती पसरलेले, आणि त्या दगडांमध्ये तरंगत चाललेली लढाई. वर-खाली असं काही नाही. निर्वातात आवाज नसतो, मग गोळीबार ऐकू कसा येतो? तर पोशाखातला संगणक तो बनवून कानात वाजवतो. शत्रूच्या यंत्रणेपासून लपायचं असेल तर पोशाखाची वीज बंद करायची. मग पडद्यावरची सगळी माहिती जाते, आवाजही जातो, आणि नुसता स्वतःचा श्वास ऐकत अंधारात सरकायचं. आवाजासारखी गोष्ट किंमत म्हणून वापरलेली मी तरी दुसरीकडे एवढ्या सफाईने पाहिलेली नाही. पण सुरुवातीला या गेममध्ये सगळ्यांना बंदूक एकच होती. तोलाचा प्रश्नच निकालात! खेळायला माणसं मात्र कमी आली, आणि पुढच्या वर्षी आणखी शस्त्रं द्यावी लागली. खरेपणाची एवढी निष्ठा असूनही खेळाडूला ‘मी आज काय घेऊन जाऊ’ हा प्रश्न हवाच असतो. तो नसला तर शस्त्र हे नुसतं बोट होतं.

कारण तोंडदेखलं असलं की काय होतं, त्याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण ‘मास इफेक्ट’चं आहे. २००७ च्या पहिल्या भागात बंदुकांना गोळ्या संपण्याची भीतीच नव्हती. गेमच्या आतल्या ज्ञानकोशात स्पष्टीकरण होतं: बंदुकीत धातूचा ठोकळा असतो, त्यातून कणाएवढा तुकडा छिलून प्रचंड वेगाने फेकला जातो, एक ठोकळा हजारो वेळा पुरतो. मर्यादा फक्त उष्णतेची. सलग मारलं की बंदूक तापून बंद पडणार, थंड होईपर्यंत थांबा. सुंदर रचना, कल्पित विज्ञानातूनच किंमत निघालेली. २०१० च्या दुसऱ्या भागात बनवणाऱ्यांना लढाई अधिक वेगवान, आडोशाआडून पुढे सरकणारी हवी होती. म्हणून ‘थर्मल क्लिप’ आल्या. उष्णता शोषून घेणारी डबी. ती तापली की फेकायची, नवी घालायची. म्हणजे नाव बदललेलं मॅगझिनच. संपल्या की जमिनीवर शोधत फिरा. ज्ञानकोशात खुलासा घातला गेला की शत्रूला असं कळलं, जास्त वेगाने जास्त गोळ्या झाडणारी बाजू जिंकते, आणि मग सगळ्यांनीच ती पद्धत उचलली.

खेळाडूंनी लगेच विचारलं: ठीक आहे, क्लिपा संपल्या. मग जुन्यासारखी आपोआप थंड होऊ दे की बंदूक! थांबतो मी. याला उत्तर नव्हतं. लढाई पहिल्या भागाहून चांगली झाली होती हे बहुतेकांनी कबूल केलं, मीही करतो. तरी ही कुरबूर पुढची अनेक वर्षं गेली नाही. प्रकाशाहून वेगाने जाणारी यानं ज्यांनी मुकाट्याने गिळली, त्यांच्या घशात ही एवढीशी डबी अडकली. यानांचा नियम गेमने स्वतः सांगितला आणि पाळला. बंदुकीचा नियम सांगितला आणि मोडला. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. एक कल्पना मान्य करून घ्यायची, आणि तिच्यापुढचं सगळं मात्र शिस्तीत न्यायचं, ही विज्ञानकथेची अट त्याच्या अंगवळणी पडलेली असते.

अलीकडचं प्रकरण ‘हेलडायव्हर्स २’चं, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात हा सगळा गुंता एका वर्षात उलगडत गेला. स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि बनवणाऱ्यांच्याही अपेक्षेपलीकडे चालला. चौघांनी मिळून यंत्रांवर आणि महाकाय किड्यांवर तुटून पडायचं. खेळाडू विरुद्ध खेळाडू असा सामना यात नाहीच, आणि किडे काही तक्रार करत नाहीत. मग तोल कशाला हवा? कारण चौघांपैकी सगळेच एकच बंदूक घेऊन यायला लागले की बाकीची शस्त्रं धूळ खात पडतात.

तसंच झालं. या गेमची रेलगन रचनेच्या दृष्टीने मला फार आवडते. तिच्यात एक धोकादायक पद्धत आहे: चाप जितका वेळ दाबून धराल तितका जोर साठतो, पण क्षणभर जास्त धरलात तर बंदूक हातातच फुटते आणि तुम्ही मरता. किंमत आहे, कारणही आहे, आणि दोन्ही बोटाला कळतात. पण तिने जाड कवचाचे किडे इतके सहज मरत होते की सगळे तीच मागू लागले. मार्चच्या सुरुवातीला आलेल्या पॅचमध्ये, म्हणजे गेममधल्या दुरुस्तीत, ती कमजोर केली गेली. गेमरांच्या भाषेत ‘नर्फ’. ओरड झाली. पुढे महिनोन्महिने तेच चक्र: जी बंदूक लोकांना आवडते ती पुढच्या पॅचमध्ये बोथट. ऑगस्टमध्ये मोठा बदल आला आणि त्यात ज्वाळा फेकणाऱ्या शस्त्राची पाळी आली. ज्वाळा आता जाड कवचावर आपटून थबकायला लागल्या. आधी त्या आत शिरून किड्याला जाळत. भौतिकशास्त्राला विचारलं तर आगीने चिलखतातून आरपार जाऊ नये हेच योग्य. पण खेळाडूंनी कवचाच्या किड्याचा पाय जाळायला शिकण्यात तास घातले होते, आणि खरेपणा नेमका त्यांच्या आवडत्या शस्त्रापाशीच येऊन का उभा राहतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. रास्त प्रश्न आहे. ज्या गेममध्ये कक्षेतल्या जहाजावरून तुमच्या पायाशी तोफ टाकली जाते, तिथे आगीपुरतंच भौतिकशास्त्र लागू करणं कुणालाही कांगावा वाटणार. शेवटी स्टुडिओने साठ दिवसांत गोष्टी सुधारण्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरच्या पॅचमध्ये कितीतरी शस्त्रं एकदम जोरदार करून टाकली. लोक परतले.

याच गेममधला एक नियम मात्र पहिल्यापासून होता आणि त्यावर एवढं वादळ कधी उठलं नाही. अर्धं भरलेलं मॅगझिन बदललं तर त्यातल्या उरलेल्या गोळ्या गेल्या. बहुतेक शूटर गेममध्ये त्या जादूने खिशात परत येतात. इथे येत नाहीत. हा नियम खेळाडूला रोज छळतो. तरीही तो चालतो, कारण मॅगझिन फेकून दिल्यावर त्यातल्या गोळ्याही जातात हे सांगायला कुणी लागत नाही, आणि तो पहिल्या दिवशी सर्वांना सारखा लागू होता. नंतर येऊन लादलेली किंमत आणि आधीपासून ठाऊक असलेली किंमत यांत माणूस जमीन-अस्मानाचा फरक करतो. महावितरणचं बिल ज्याने भरलं आहे त्याला हे कळतं.

या पुस्तकात दोन गोष्टींना मी मुद्दाम कमी जागा दिली आहे. एक, ग्राफिक्स. धातूवरची चकाकी आणि नळीतला धूर कितीही हुबेहूब झाला तरी त्याने बंदुकीचा हिशेब बदलत नाही. ‘डूम’च्या १९९३ मधल्या बंदुका तर खेळण्यातल्या बंदुकांचे फोटो काढून बनवलेल्या होत्या, आणि त्यांचा दरारा अजून आहे. दोन, गेममधला हिंसाचार आणि मुलं हा विषय. तो महत्त्वाचा नाही असं नाही. पण त्यावर बोलायला मानसशास्त्र शिकलेला माणूस हवा.

रेलगनवर मात्र एक आख्खं प्रकरण आहे, आणि त्याचं एक कारण घराजवळचं आहे. विजेच्या जोरावर धातूचा तुकडा फेकणारी ही तोफ कित्येक गेममध्ये असते. प्रत्यक्षात ती कुणालाच नीट जमलेली नाही. अमेरिकी नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये डाल्ग्रनच्या तळावर ३३ मेगाज्यूलचा फटका मारून दाखवला, आणि २०२१ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला. ज्या पट्ट्यांवरून तो तुकडा सरकतो त्या काही फटक्यांतच झिजून खलास होतात, ही एक मोठी अडचण. पुण्यात पाषाणला, पिनाक रॉकेट जिथे आकाराला आलं त्या डीआरडीओच्या एआरडीई प्रयोगशाळेतही या तोफेवर काम झालं आहे. ‘क्वेक’मध्ये दीड सेकंद थांबलं की जी बंदूक पुन्हा तयार होते, तिच्यासाठी प्रत्यक्षात किती यंत्रणा लागते हे पाहिलं की गेममधली किंमत किती स्वस्त ठेवलेली आहे ते कळतं. ती तशी ठेवणंच योग्य होतं, हे पुढे त्या प्रकरणात येईल.

आपल्याकडचा खेळाडू एका बाबतीत वेगळा आहे. ‘हेलो’ किंवा ‘क्वेक’ खेळणारा माणूस माउस किंवा कंट्रोलर घेऊन बसतो. आपल्याकडे बहुसंख्य मुलं शूटर गेम शिकली ती मोबाइलवर. २०२० च्या सप्टेंबरात बंदी येईपर्यंत पबजी मोबाइलने तालुक्याच्या गावांतल्या पोरांनाही कोणत्या रायफलीचा रिकॉइल, म्हणजे धक्का, अंगठ्याने कसा खाली ओढायचा ते शिकवून ठेवलं होतं. तो गेम विज्ञानकथेतला नव्हे. पण पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने २०२४ मध्ये आणलेला ‘इंडस बॅटल रॉयल’ भविष्यातल्या, भारतीय वळणाच्या जगात घडतो, आणि तोही फोनवरच खेळायचा आहे. काचेवर अंगठा घासून नेम धरणाऱ्याला ०.२ सेकंदाचा फरक तसाच जाणवेल का, जसा माउसवाल्याला जाणवतो? मला वाटतं, नाही. तिथे तोलाचे आकडेच नव्याने मांडावे लागतात, आणि गेम स्वतः नेमाला किती मदत करणार हे बंदुकीच्या मारापेक्षा महत्त्वाचं ठरतं. या विषयावरचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लहान आहे, कारण हे काम अजून चालू आहे.

प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्यांनी कधी शूटर गेम खेळलेला नाही त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात करावी. तिथे ‘हेलो’च्या पहिल्या भागातल्या त्या बदनाम पिस्तुलाची गोष्ट आहे. २००१ चा गेम, हातात साठ गोळ्यांची मोठी रायफल, आणि तीन नेमक्या गोळ्यांत गडी गारद करणारं मात्र कमरेचं पिस्तूल. ते एवढं जोरदार झालं कसं, याबद्दल ‘हेलो’ बनवणाऱ्या बंजी कंपनीच्या जुन्या मंडळींनी वेगवेगळ्या आठवणी सांगितल्या आहेत. २००४ च्या दुसऱ्या भागात त्याचे दात काढले गेले, आणि आजही ते परत द्या म्हणणारे भेटतात.

पहिलं प्रकरण शॉटगनचं. खऱ्या शॉटगनचे मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरवरच्या माणसालाही जायबंदी करतात. बहुतेक गेममध्ये तीच बंदूक दहा मीटरपलीकडे भुईनळ्याइतकी निरुपद्रवी होते. इतकी उघड थाप, इतक्या गेममध्ये, इतकी वर्षं, आणि तिच्याविरुद्ध मोठी ओरड झालेली मला तरी आठवत नाही.